वहीत थांबलेले धंदे

आमच्या घरात धंद्याच्या कल्पनांचा दुष्काळ कधी पडला नाही. बेळगावात उद्यमबागेत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. दोन व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग मशीन, एक सीएनसी लेथ, सासऱ्यांच्या काळातला एक साधा लेथ आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, अलीकडेपर्यंत, ग्रिल-गेटचं फॅब्रिकेशन. फौंड्रीतून कास्टिंग यायचं, त्याचं मशीनिंग करून द्यायचं, यावर घर चालतं. व्हॉल्व्हच्या बॉडी, पंपाची कव्हरं, ट्रॅक्टरचे काही पार्ट. हिशेब, जीएसटी, बँक आणि वसुली माझ्याकडे. मशीन, माणसं आणि नवनव्या कल्पना ह्यांच्याकडे.

ह्यांना कल्पना सुचायला कारण लागत नाही. पुण्याला जाताना कोगनोळीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग दिसली की हायवेला चार्जिंग स्टेशन. गोव्याहून चोर्ल्यामार्गे येताना जांबोटीजवळ चहाला थांबलो की होमस्टे. लग्नात जुना वर्गमित्र भेटला की दोघांनी मिळून हायड्रॉलिक जॅकचा स्वतःचा ब्रँड. आणि यातलं काहीच वेडगळ नसतं, हीच खरी पंचाईत. वेडगळ असतं तर हसून सोडून दिलं असतं. प्रत्येक गोष्ट कुणीतरी करून दाखवलेली असते, आणि तो कुणीतरी बहुधा आमच्या ओळखीचाच निघतो.

मशीन शॉपच्या हिशेबात एक गोष्ट रोज दिसते: पैसा मशीन चालताना मिळतो, सेटिंग करताना नाही. एक जॉब संपवून दुसरा लावायचा म्हणजे जुनं फिक्स्चर, म्हणजे जॉब पकडून ठेवणारी चौकट, उतरवा, नवीन चढवा, डायल लावून सरळ करा, टूल बदला, ऑफसेट घ्या, पहिला पीस काढा, मापात आहे का बघा, नसला तर परत. तोवर मशीन उभं. तासाला ४०० रुपये धरले तर अर्धी सकाळ कशात गेली हे मला महिनाअखेरीस कागदावर दिसतं. म्हणून सारखं सेटिंग बदलायला लावणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही जादा दर लावतो. पण मालकाच्या डोक्याचं सेटिंग दिवसातून चारदा बदललं तर त्याचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं? कोविडनंतर एक काळ असा होता की ह्यांची सकाळ जॅकच्या ड्रॉइंगमध्ये, दुपार कुणाची तरी जागा बघण्यात आणि संध्याकाळ चालू जॉबच्या रिजेक्शनवर जायची. रिजेक्शन अर्थातच संध्याकाळीच सापडायचं.

यावर पहिला उपाय काढला पुतण्यानं. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं केबिनमध्ये पांढरा बोर्ड लावला, तीन रकाने आखले, रंगीत चिठ्ठ्या आणल्या आणि आम्हाला टोयोटाच्या ताइची ओनोंची पद्धत समजावून सांगितली: पुढच्या माणसानं माल उचलल्याशिवाय मागच्यानं नवीन बनवायचा नाही, कार्डाशिवाय काम सुरू करायचं नाही. आपण तेच कल्पनांना लावायचं, ‘चालू’च्या रकान्यात दोनच चिठ्ठ्या, तिसरीला जागा नाही. तत्त्व मला लगेच पटलं. बोर्ड मात्र पटला नाही. केबिनमध्ये दिवसभर माणसं येतात. इन्सर्टवाला, ट्रान्सपोर्टवाला, शेजारच्या शेडचा मालक. सगळे चहा पिता पिता बोर्ड वाचायचे. थोड्याच दिवसांत आमच्या कल्पना निम्म्या उद्यमबागेला पाठ झाल्या आणि “काय वहिनी, रिसॉर्ट कधी?” असं विचारायला लागले. मी बोर्ड पुसून त्यावर डिलिव्हरीच्या तारखा लिहिल्या आणि रविवार पेठेतून लाल पुठ्ठ्याची लांब वही आणली.

वहीत एका कल्पनेला एक पान. वर तारीख, आणि कल्पना कुठं सुचली ते. हे मी गंमत म्हणून लिहायला लागले, पण पुढं त्याचा उपयोग झाला. प्रवासात आणि लग्नात सुचलेल्या कल्पनांवर दुसऱ्या महिन्यात कुणी एक ओळही वाढवत नाही. गिऱ्हाइकाच्या दारात सुचलेल्या मात्र आपोआप भरत जातात.

खाली चार प्रश्न. पहिलं बिल कुणाच्या नावानं होणार? “मार्केट मोठं आहे” हे उत्तर चालत नाही, माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर लागतो. काम कोणत्या मशीनवर, कुणाच्या हातून आणि कधी होणार? इथं ह्यांनी स्वतःचं नाव लिहिलं की मी पेन्सिलनं पुढं लिहिते, “हा माणूस सध्या बाहेरच्या कामावर आहे.” किती पैसे अडकणार आणि किती दिवस? आणि शेवटचा, बंद करायची वेळ आली तर काय विकता येईल? या चौथ्या प्रश्नावर ह्यांच्या कपाळाला आठी पडायची, सुरू करायच्या आधीच बंद करायचं कसलं बोलतेस म्हणून. पण बँकेचा माणूस कर्ज देताना तारण विचारतो तेव्हा तो तरी दुसरं काय विचारत असतो?

पैसे अडकण्याच्या प्रश्नाला आमच्या धंद्यात वजन आहे, कारण आमचे आधीच अडकलेले असतात. आमच्यासारख्या लहान कारखान्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिले नाहीत आणि ते मार्चअखेरही थकलेले असले तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, असा आयकराचा नियम १ एप्रिल २०२४ पासून आला. तेव्हापासून मार्चमध्ये वसुली बरी होते. बाकी वर्षभर नव्वद दिवस धरूनच मी चालते. नवीन धंद्याला लागणारा पैसा या नव्वद दिवसांच्या पोटातूनच काढावा लागतो.

सगळ्यात जास्त वाद झाला तो मुहूर्ताच्या नियमावर. मी म्हटलं, नवीन काम घ्यायचा निर्णय वर्षातून दोनदाच, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला. आमच्याकडे मशीनची पूजा दसऱ्याला आणि नवीन वर्षाचे हिशेब पाडव्याच्या आगेमागे, त्यामुळे या दोन दिवशी सगळे घरात असतात आणि आकडे तयार असतात. मधल्या काळात वहीत लिहायचं, माणसांना भेटायचं, चाचणी घ्यायची. चाचणीला २०,००० रुपयांच्या वर खर्च नाही आणि मशीन फक्त रविवारी. जुन्या गिऱ्हाइकाची अडीनडीची ऑर्डर यात धरायची नाही, ती कधीही घ्यायची. आणि पाडव्याला किंवा दसऱ्याला एखादी गोष्ट आत घ्यायची असेल तर आतली एक बाहेर काढायची.

“संधी काय दसऱ्याची वाट बघत बसत्या व्हय?” हे म्हणाले.

मला वाटलं आता मामा मुलाचीच बाजू घेणार. मामा म्हणजे सासरे. आयुष्यभर त्यांनी लेथ चालवला, मुहूर्त बघून कधी काही केलं नाही. ते पेपर खाली न ठेवता म्हणाले, “कर्जाचे हप्ते साठ असतात बाबा. सहा महिन्यांत जे शिळं होतंय, ते साठ हप्ते कसं फेडणार?”

नियम झाला.

पहिलं जाड पान भरलं ते शिनोळीचं. वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा करत बाची ओलांडलं की शिनोळी, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र. आमच्या शेडपासून तासाभराच्या आत. तिथं औद्योगिक वसाहत आहे आणि बेळगावच्या बऱ्याच जणांचा तिथं दुसरा शेड आहे. ह्यांचं म्हणणं, आपणही एक टाकूया. जागा मिळेल, आणि सगळे कागद मराठीत. या शेवटच्या मुद्द्यावर मामांचे डोळे चमकले. कन्नड आम्हाला सगळ्यांना बोलता येतं, कामगारांशी, बाजारात रोज बोलतोच, पण खात्याचं आठ पानी पत्र आलं की ते वाचून घ्यायला मी अजून कुणाला तरी शोधते. त्यामुळे त्या मुद्द्याला मी हसले नाही. वहीत मात्र त्याला रकाना सापडेना. शेवटी पानाच्या तळाशी लिहिला आणि खाली रेघ ओढली.

मग हिशेब मांडला. पॅन एकच असला तरी दुसऱ्या राज्यातल्या शेडला जीएसटीचा वेगळा नंबर लागतो आणि कायद्याच्या नजरेत आपण दोन वेगळे व्यापारी होतो. आपलाच माल आपल्याच दुसऱ्या शेडला द्यायचा, तर बिल करून आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, लावायचा. त्याचं क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसे अडकतात. दुसरं, कर्नाटकातल्या कर्नाटकात ५०,००० रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद, लागत नाही. पण जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घ्यायला, माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. उद्यमबागेतून शिनोळीला पाच हजारांची पेटी स्कूटरवर नेता यायची नाही. शिवाय दोन रिटर्न, दोन वीजजोडण्या, आणि दोन्हीकडे बघणारा माणूस एकच. सीमेपलीकडचा शेड अंतरानं जवळ आहे, कागदानं लांब.

तरी ते पान मी फाडलं नाही, नाही असंही लिहिलं नाही. लिहिलं, “महाराष्ट्रातल्या गिऱ्हाइकांचं बिलिंग आपल्या एकूण बिलिंगच्या निम्म्यावर गेलं तर परत उघडायचं.” अशी अट लिहून ठेवल्यानं घरातली रोजची चर्चा थांबली, हा मोठाच फायदा. विषय निघाला की मी आकडा सांगते. आकडा अजून निम्म्याच्या बराच खाली आहे.

चपलेचं पान त्या मानानं लवकर मिटलं. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरून गदारोळ झाला आणि पुढं कंपनीनं प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं. त्या महिन्यात सीमाभागात ज्याला त्याला चप्पल विकायची होती. ह्यांचा मुद्दा तसा बरोबर होता. २०१९ मध्ये मिळालेलं कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांना आहे. चार महाराष्ट्रातले आणि चार कर्नाटकातले, त्यात बेळगाव आहे. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. मग आपण ऑनलाइन विकायला काय हरकत? मी दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं: कोणतं मशीन, कुणाचे हात? आमच्या शेडमध्ये कातडं कळणारं कुणी नाही. ह्यांच्या मावसभावाचं निपाणीत चपलांचं दुकान आहे आणि त्याचा मुलगा मोबाइलवर सगळं करतो. ह्यांनी जमवलेली माहिती, पॅकिंगचे दर, फोटो काढणाऱ्याचा नंबर, सगळं त्याला देऊन टाकलं. तो आता विकतोय. ह्यांना त्यात एवढं समाधान आहे की चप्पल आपणच विकतोय अशा थाटात बोलतात. कल्पना हातावेगळी करायचा हा मार्ग मला सगळ्यात आवडतो. कल्पनेवर जीव असलेला माणूस ती मेलेली बघू शकत नाही, दुसऱ्याच्या घरी नांदताना मात्र आनंदानं बघतो.

होमस्टेवर मी फारसं लिहिणार नाही. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला चार महिने गिऱ्हाईक आणि पत्रा दोन्हींची काय अवस्था असते ते माहीत आहे. ते पान ह्यांनी स्वतःच बंद केलं.

काजूचं पान मात्र दोन वर्षं भरत गेलं. चंदगडला काजू सोलण्याचे लहान-मोठे बरेच कारखाने आहेत, खानापूरकडंही आहेत. ह्यांची मूळ कल्पना होती काजू सोलायचं स्वयंचलित मशीन बनवायचं. ड्रॉइंग तयार, मोटार ठरलेली, रंगसुद्धा ठरलेला. मी म्हटलं, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आणू, चला एका कारखान्यात बसून येऊ.

बियांना वाफ दिलेली असते, त्याचा उग्र वास दारातच येतो. आत बायका ओळीनं कटरवर बसलेल्या. दोन वाकडी पाती, काजूच्या पोटासारखी आत वळलेली. डाव्या हातानं बी पात्यांमध्ये धरायची, पायानं पेडल दाबायचं, पाती टरफलात रुततात, मग उजव्या हातानं दांडा फिरवायचा की टरफल उकलतं. टरफलातल्या तेलानं कातडी भाजते, म्हणून हातांना एरंडेल चोळलेलं. एका बाईंच्या शेजारी मी स्टूल घेऊन बसले. त्यांचा वेग असा की मला बी दिसायची, नंतर थेट गर दिसायचा. मशीन आणलं तर कसं, असं मी विचारलं, तर त्यांनी मानही वर केली नाही. थोड्या वेळानं आपणहून म्हणाल्या, “मशीनचं ऱ्हाऊ द्या ताई. पातं बोथट झालं की गर मोडतोय, आणि मोडला की बोलणी आमाला.”

अख्ख्या गराचा भाव आणि तुकड्याचा भाव यांत किती फरक असतो ते मालकानं सांगितलं. पाती तो लांबून मागवायचा, एकदम मोठा लॉट घ्यावा लागायचा, आणि त्यातल्या निम्म्यांना धार टिकायची नाही. परत येताना पाटणे फाट्यापर्यंत हे गप्प होते. मग म्हणाले, “पातंच करूया की.”

मशीनचं पान तिथंच पात्याचं पान झालं. पात्याला नवीन मशीन लागत नाही. डी-टू हे हत्यारांचं स्टील आणायचं, वायरकट, म्हणजे विजेच्या तारेनं आकार कापणं, बाहेरून करून घ्यायचं, हार्डनिंगही बाहेरून, फेस मारायचं काम आपल्या व्हीएमसीवर, धार मामांच्या देखरेखीखाली ग्राइंडरवर. डी-टूमध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे टरफलाच्या तेलापुढं साध्या स्टीलपेक्षा ते बरं टिकतं. बंद पडलं तर विकायला स्टीलचा तुकडा उरतो, चौथ्या प्रश्नाचं यापेक्षा स्वस्त उत्तर वहीत दुसरं नाही. चाचणीचा पहिला लॉट फार कडक झाला, धार छान पण कडेचे टवके उडायला लागले. टेम्परिंग, म्हणजे हार्डनिंगनंतरचं परत तापवणं, वाढवून कडकपणा थोडा उतरवला तेव्हा पातं बसलं. हे सगळं रविवारी-रविवारी झालं, चालू जॉबना हात न लावता, आणि खर्च ठरवलेल्या रकमेच्या आत राहिला. ऑपरेटरला रविवारचा ओव्हरटाइम दिला तो धरून.

या काळात गिऱ्हाइकांकडूनही कल्पना यायच्या, त्यांना नाही म्हणणं घरच्यांपेक्षा अवघड. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला आम्ही मशीनिंगबरोबर पेंटिंग आणि असेंब्लीही करून द्यावी असं वाटत होतं. ज्याच्या बिलावर पगार निघतो त्याला तोंडावर नाही कसं म्हणणार? इथं मुहूर्ताचा नियम कामाला आला. “आमच्याकडं नवीन कामाचं दसऱ्याला ठरतंय, साहेब, तेव्हा नक्की सांगतो,” असं ह्यांनी सांगितलं. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आपल्याकडं कुणालाच वाटत नाही. दसऱ्यापर्यंत आम्ही आकडे काढले, पेंट बूथचा खर्च कळवला आणि तो कोण करणार हे नम्रपणे विचारलं. त्यांनीच विषय सोडला. संबंध शाबूत.

पातं दसऱ्याला आत घ्यायचं ठरलं तेव्हा बाहेर काय काढायचं हा प्रश्न आला. सगळ्यांना उत्तर माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मागच्या शेडमधलं फॅब्रिकेशन. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे. मामांनी मंदीच्या दिवसांत घर चालवायला ते सुरू केलं होतं आणि त्या काळात त्यानंच घर चालवलं होतं. आता महिन्याला एखाद-दुसरं काम यायचं, पण त्यासाठी एक वेल्डर, जागा आणि ह्यांचे मापं घ्यायला जाण्याचे फेरे लागायचे. मी आकडे काढून ठेवले होते, पण मामांसमोर वही उघडायचं धाडस होईना. त्यांनीच मागून घेतली, चष्मा लावून सगळं पान वाचलं.

“वेल्डरचं काय करणार?” एवढंच विचारलं.

वेल्डरशी ह्यांचं आधीच बोलणं झालं होतं. त्याला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. मामा म्हणाले, “मग बेंडर न् वेल्डिंग सेट त्यालाच द्या. विकू नका, भाड्यानं द्या. गिऱ्हाइकं पण त्याच्याकडंच धाडा.” तसंच केलं. तो अनगोळात एका शेडमध्ये काम करतो, भाडं दर महिन्याला यूपीआयनं येतं. आमच्या मागच्या शेडमध्ये आता स्टीलचा साठा आणि पात्यांचं ग्राइंडिंग आहे. एका गिऱ्हाइकाला हा बदल रुचला नाही, त्याला गेट आमच्याच हातचं हवं होतं. मामा स्वतः जाऊन त्याच्या गेटची मापं घेऊन आले आणि वेल्डरला देऊन आले. वहीच्या नियमात हे बसत नाही, पण मामांना वही लागू नाही.

यंदाच्या पाडव्याला वहीत नवीन काहीच आत घेतलं नाही. हायड्रॉलिक जॅक, चार्जिंग स्टेशन आणि शिनोळी अजून थांबलेत. चार्जिंग स्टेशनच्या पानावर पहिल्या प्रश्नापुढं अजून कोरी जागा आहे.

वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. खानापूरच्या एका कारखान्याला पाती हवी होती, पण ते बाहेरून आलेली आफ्रिकेतली बी सोलतात, ती आकारानं लहान, त्यामुळे पात्याचा बाक वेगळा. हे म्हणाले, त्याच धंद्यातलं गिऱ्हाईक आहे, लगेच घेऊया. मी म्हटलं, बाक वेगळा म्हणजे नवीन काम, पान घालूया, दसऱ्याला बघू. दोघांचा आवाज चढला तसा पुतण्या ड्रॉइंग घेऊन आला. स्टील तेच, जाडी तीच, भोकांचं अंतर तेच, फिक्स्चरला हातसुद्धा लावावा लागत नाही. बदलतो तो फक्त वायरकटचा प्रोग्रॅम, आणि तो वायरकटवाला करतो. मी जुन्याच पानावर खाली एक ओळ वाढवली, “खानापूर, लहान बाक,” आणि ह्यांना कोटेशन पाठवायला सांगितलं.